वापरलेले टेबल सॉ घरच्या कार्यशाळेत बसवताना

घरी सुतारकाम करणाऱ्याने वापरलेले टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड कापणारे यंत्र, घेणे हा बहुधा शहाणपणाचा निर्णय ठरतो. या यंत्रात झिजणारे भाग थोडे असतात, आणि बेअरिंग, पट्टा, कार्बन ब्रश, कपॅसिटर असे जे भाग झिजतात ते बाजारात सहज मिळतात. मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे ते कापण्यायोग्य झाले असे नव्हे. एका जागेवरून उचलून, टेम्पोत घालून, जिना चढवून आणलेल्या यंत्राची जुळवणी हललेली असते असेच गृहीत धरावे. त्याला प्लग लावला तर ते फिरेल, लाकूडही कापेल, परंतु तिरके बसलेले ब्लेड लाकूड जाळते, काप वाकडा करते आणि एखाद्या वेळी फळी उचलून मागे भिरकावते. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या १० इंची (२५४ मिलिमीटर) ब्लेडच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. त्या वेगाने आलेली फळी चुकवण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. म्हणूनच जुळवणी पूर्ण होईपर्यंत एकही काप घेऊ नये, असे नवशिक्यांना मी आग्रहाने सांगतो.

या लेखातील सगळ्या मापांचा आधार एकच आहे. टेबलाच्या पृष्ठभागावर, ब्लेडच्या बाजूला, पुढून मागे जाणारी जी सरळ खाच असते ती टेबलातच कोरलेली असल्यामुळे हलवता येत नाही. ब्लेड हलते, फेन्स (फळी टेकवून सरळ सारण्याची पट्टी) हलते, माइटर गेज (खाचेत सरकणारा, फळी कोनात धरणारा आधार) हलतो. त्यामुळे ब्लेड खाचेला समांतर करायचे, मग फेन्स त्याच खाचेला समांतर करायची, आणि त्यानंतर ब्लेडमागची पट्टी ब्लेडच्या रेषेत आणायची, हा क्रम बदलू नये. फेन्स आधी ब्लेडला जुळवून घेतली आणि नंतर ब्लेड सरकवावे लागले, तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

घेण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

आपल्याकडे जुन्या बाजारात मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे येतात. पहिला प्रकार उचलून नेता येण्याजोग्या यंत्रांचा: ॲल्युमिनियमचे टेबल, कार्बन ब्रश असलेली, मोठा आवाज करणारी मोटर आणि २५ ते ३५ किलो वजन. दुसरा प्रकार जड यंत्रांचा: बिडाचे टेबल, इंडक्शन मोटर, व्ही बेल्ट, आणि हलवायला तीन-चार माणसे. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात फिरल्यास दोन्हींचा अंदाज येतो, परंतु चांगले जड यंत्र बहुधा एखाद्या बंद होत असलेल्या फर्निचरच्या कारखान्यातच सापडते. घरी जागा असेल आणि यंत्र एकदा ठेवल्यावर हलवायचे नसेल तर जड यंत्रच घ्यावे. त्याच्या वजनामुळे कंप कमी राहतो आणि एकदा केलेली जुळवणी दीर्घकाळ टिकते.

कारखान्यातून आलेल्या यंत्राच्या मोटरवरील पाटी आधी वाचावी. त्यावर ४१५ व्होल्ट आणि थ्री फेज असे असेल, तर घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ते सरळ चालणार नाही. मोटर बदलावी लागेल किंवा योग्य क्षमतेचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारे उपकरण) बसवावा लागेल, आणि तो खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. अमेरिकेतून परतताना काही मंडळी घरसामानाबरोबर आपले टेबल सॉ आणतात आणि पुढे ते विकायला काढतात. ती यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असतात. त्यातील कार्बन ब्रशची मोटर ३ केव्हीएच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवता येते, पण इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे पाचषष्ठांश वेगाने फिरते आणि जास्त तापते, त्यामुळे ती बदलणेच बरे.

यंत्राचा प्लग काढून ब्लेडचा शाफ्ट हाताने फिरवावा आणि वर-खाली हलवून पाहावा. फिरताना खरखर जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. परंतु शाफ्टच वाकलेला असेल किंवा त्याचे आटे खराब झालेले असतील, तर ते यंत्र सोडून द्यावे. टेबलावर लांब पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. ब्लेड वर-खाली करणारे आणि कलते करणारे अशी दोन्ही चाके शेवटपर्यंत फिरवावीत. यानंतर भागांची मोजदाद करावी: फेन्स, माइटर गेज, ब्लेडभोवतीची झाकणपट्टी, वरचे संरक्षक कव्हर आणि ब्लेडमागची पट्टी, म्हणजे राइव्हिंग नाइफ. बहुतेक जुन्या यंत्रांत शेवटचे दोन भाग नसतात, कारण कारागिरांनी ते कामात अडचण म्हणून काढून टाकलेले असतात. विक्रेता त्यांची गरजच नाही असे सांगेल, पण त्याचे बोलणे मुळीच मानू नये. ते भाग आज मिळतात का याची चौकशी करूनच पैसे द्यावेत.

उलटा टांगलेला अँगल ग्राइंडर किंवा हातकटर फळीखाली बसवून केलेले ‘टेबल सॉ’ बाजारात स्वस्तात मिळते. ग्राइंडरवर लाकूड कापायचे दातेरी ब्लेड लावणे अतिशय धोकादायक आहे. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांनी फिरतो, आणि त्या वेगासाठी ही ब्लेडे केलेलीच नसतात. तसले साधन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

जागा आणि वीज

प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट बाय ४ फुटांचा असतो, म्हणजे तो लांबीच्या दिशेने कापायचा असेल तर यंत्राच्या पुढेही ८ फूट आणि मागेही ८ फूट मोकळी जागा लागते. एवढी जागा घरात क्वचितच असते. अशा वेळी तक्ता दुकानातच दोन-तीन तुकड्यांत कापून आणावा आणि अंतिम माप घरी द्यावे. यंत्राच्या मागे एक आधाराचे टेबल हवेच, आणि ते यंत्राच्या पृष्ठभागापेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली असावे. वर असेल तर फळी काप अर्धा झाल्यावर त्याला अडते, आणि नेमक्या त्या क्षणी माणूस हात पुढे नेतो. यंत्राचे चारही पाय जमिनीवर पक्के टेकले पाहिजेत. आपल्याकडच्या उतार दिलेल्या फरशीवर एखादा पाय नेहमी अधांतरी राहतो, त्याखाली पातळ प्लायचा तुकडा चिकटवून द्यावा.

विजेसाठी १६ ॲम्पियरचे स्वतंत्र सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, नीट तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका), एवढे करून घ्यावे. १,८०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८ ॲम्पियर घेते, परंतु सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट घेते, म्हणून दूरदर्शनसंचासाठी आणलेली बारीक एक्स्टेंशन वायर येथे चालत नाही. तारेतच व्होल्टेज पडते आणि मोटर तापते. जुन्या यंत्राची आतली वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा मेगरने (तारांचे आवरण शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्यावी.

भारनियमन आणि अचानक जाणारी वीज आपल्याला नवीन नाही. साधा चालू-बंद खटका असलेले यंत्र वीज गेल्यावर थांबते, आपण खटका बंद करायला विसरतो, आणि वीज आली की ब्लेड आपोआप फिरू लागते. त्या वेळी कोणाचा हात टेबलावर असेल हे सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून नो-व्होल्ट रिलीज प्रकारचा खटका मिळतो. वीज गेली की तो स्वतःहून सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात जुन्या यंत्रावर करायची पहिली सुधारणा हीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

स्वच्छता आणि फिरणारे भाग

येथून पुढे खाली सांगितलेल्या जागा सोडून प्लग भिंतीतून काढलेला असावा. खटका बंद करणे पुरेसे नाही.

बिडाच्या टेबलावरचा गंज रॉकेलमध्ये भिजवलेल्या स्टील वूलने किंवा बारीक पॉलिश पेपरने काढावा. पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून सरळ रेषेत चालवावा, कारण नुसत्या बोटांनी घासल्यास त्या जागी टेबल खोलगट होते. पृष्ठभाग स्वच्छ पुसून कोरडा झाला की त्यावर मेणाचे पातळ पॉलिश चढवून फडक्याने चोळावे. त्यामुळे फळी सहज सरकते आणि गंजही रोखला जातो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे दर महिन्याला करावे लागते. तेल लावून ठेवू नये, त्याने लाकडावर डाग पडतात आणि भुसा चिकटतो. टेबलाखालचे दातेचक्र व स्क्रू भुसा आणि जुन्या ग्रीसने गच्च भरलेले असतात. ते ब्रशने साफ करून त्यांनाही मेणच लावावे.

बेअरिंग बदलायचे झाल्यास जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक पाहून तोच मागावा, आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले घ्यावे, कारण लाकडाचा बारीक भुसा उघड्या बेअरिंगचे ग्रीस शोषून घेतो. व्ही बेल्टला भेगा असतील किंवा तो एकाच आकारात आखडून बसला असेल तर बदलावा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, ही तक्रार बहुधा कपॅसिटरची असते. कार्बन ब्रश झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले असतील तर दोन्ही एकदमच बदलावेत.

जुन्या यंत्राबरोबर आलेले ब्लेड बाजूला ठेवून कार्बाइड दातांचे एक नवे ब्लेड घ्यावे. रेषांच्या दिशेने लांब चिरण्यासाठी २४ दातांचे, प्लाय आणि लॅमिनेटसाठी ६० ते ८० दातांचे, आणि एकच घ्यायचे असेल तर ४० दातांचे ब्लेड योग्य ठरते. आपल्या सागवानात सिलिका असते आणि त्यामुळे साध्या पोलादी दातांची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडवर कंजुषी करू नये. ब्लेडवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे आणि मधले छिद्र शाफ्टच्या मापाचे आहे (साधारणपणे २५.४ किंवा ३० मिलिमीटर), हे दुकानातच पाहावे. दात वरच्या बाजूला आपल्याकडे तोंड करून यायला हवेत. नट उघडताना कोणत्या दिशेने फिरवायचा हा गोंधळ नेहमी होतो. ब्लेड चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाना फिरवला की नट सुटतो. थ्री फेज मोटर उलटी जोडली गेली तर ब्लेड उलटे फिरून हाच नट सैल होऊ शकतो, म्हणून मोटरचे काम झाल्यावर ब्लेड न लावता प्लग लावून फिरण्याची दिशा तपासावी आणि लगेच तो पुन्हा काढावा.

ब्लेड, फेन्स आणि कोन यांची जुळवणी

या कामाला निवांत अर्धा दिवस काढावा. चांगला गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन), फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पोलादी पात्यांचा संच) आणि एक लाकडी पट्टी एवढे साहित्य पुरते. डायल गेज (काट्याने सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) असेल तर काम लवकर होते, पण त्यावाचून अडत नाही.

ब्लेड पूर्ण वर उचलावे आणि ९० अंशांवर उभे करावे. एका दातावर पेनाने खूण करून तो दात हाताने फिरवून टेबलाच्या पातळीशी पुढच्या बाजूला आणावा. माइटर गेजला एक लाकडी पट्टी घट्ट बांधावी, अशी की तिचे टोक त्या दाताला जेमतेम स्पर्श करेल. आता ब्लेड फिरवून तोच दात मागच्या बाजूला आणावा, गेज खाचेतून मागे सरकवावा आणि पट्टीचे टोक व दात यांतील फट फिलर गेजने मोजावी. दोन्ही वेळा तोच दात वापरण्याचे कारण असे की ब्लेडच्या चकतीत थोडा वाक असला तरी त्याचा मापावर परिणाम होत नाही. पुढच्या आणि मागच्या मापांतला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असावा. सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ सूत धरले तर एक सूत सव्वातीन मिलिमीटरहून थोडे कमी होते, आणि येथे आपण त्याच्या तिसाव्या भागाशी काम करत आहोत; नजरेने हे दिसत नाही, मोजावेच लागते. माइटर गेजची पट्टी खाचेत ढिली असेल तर मोजताना ती सतत एकाच बाजूला दाबून धरावी, नाहीतर तो ढिलेपणाच आपण मोजत बसू.

फरक जास्त आला तर काय हलवायचे, हे यंत्रावर अवलंबून असते. ज्या जड यंत्रांत मोटर आणि ब्लेडचा सांगाडा खालच्या पेटीला जोडलेला असतो, त्यांत टेबलाचे चारपैकी तीन बोल्ट सैल करून टेबलालाच लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावे लागतात. ज्यांत सांगाडा टेबलाला खालून लटकतो, त्यांत मागचे बोल्ट सैल करून सांगाडा सरकवायचा असतो. हलक्या यंत्रांत सहसा टेबलाखाली किंवा कलते करण्याच्या चाकाजवळ ॲलन की लागणारे बोल्ट असतात. बोल्ट आवळताना माप पुन्हा सरकते, म्हणून प्रत्येक बोल्ट थोडा थोडा आवळून दर वेळी मोजावे. नवशिक्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढची वर्षानुवर्षे मिळणारी स्वच्छ कड येथेच ठरते. ०.१ मिलिमीटरची मर्यादा गाठल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फेन्स त्यानंतर. ती खाचेच्या कडेला आणून लॉक करावी आणि पुढच्या व मागच्या टोकाशी बोट फिरवून पाहावे; बोटाला खाचेच्या कडेतील सूक्ष्म पायरीसुद्धा कळते. फेन्स खाचेला समांतर असावी. राहिलाच फरक तर मागच्या टोकाला ती ब्लेडपासून ०.१ मिलिमीटरपर्यंत दूर चाललेली चालते, पण ब्लेडच्या दिशेने आत आलेली मुळीच चालत नाही. तशी ती आत आली तर फळी ब्लेडच्या मागच्या भागात दाबली जाते, आणि तेथे दात खालून वर येत असल्यामुळे ते फळी उचलून आपल्या अंगावर फेकतात. किकबॅक म्हणतात तो हाच. लॉक करताना फेन्सचे मागचे टोक दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल, तर तिची पकड दुरुस्त झाल्याशिवाय यंत्र वापरू नये.

ब्लेडचा ९० अंशांचा कोन गुण्याने जुळवताना गुण्याचे पाते ब्लेडच्या चकतीला टेकवावे, दातांना नव्हे, कारण दात चकतीपेक्षा रुंद असतात. ब्लेड ९० अंशांवर थांबवणारा जो स्क्रू असतो तोही येथेच जुळवून घ्यावा, आणि तसाच ४५ अंशांचा. याची अंतिम परीक्षा पहिल्या कापानंतर होईल.

ब्लेडमागची पट्टी

राइव्हिंग नाइफ कापलेल्या फळीची दोन अंगे ब्लेडमागे एकमेकांकडे दबू देत नाही आणि फळीला ब्लेडच्या मागच्या दातांवर सरकू देत नाही. तिची जाडी ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ, चकती १.८ आणि दात २.६ मिलिमीटरचे असतील तर २.२ मिलिमीटरची पट्टी योग्य होय. नवे ब्लेड घेताना हा हिशेब विसरल्यामुळे फळी पट्टीवर अडकते, आणि मग लोक पट्टीच काढून टाकतात. दोष ब्लेडच्या निवडीचा असतो. पट्टी ब्लेडच्या वळणाबरोबर वाकलेली, दातांपासून ३ ते ८ मिलिमीटर अंतरावर आणि ब्लेडच्या नेमक्या रेषेत असावी. सरळ पट्टी ब्लेडच्या दोन्ही बाजूंना टेकवून हे तपासता येते.

काही जुन्या जड यंत्रांत ती बसवण्याची सोयच नसते. तेथे प्लायवूडची नवी झाकणपट्टी करून, तिच्यात ब्लेडच्या मागे कापाच्या रेषेत कठीण लाकडाची पातळ उभी चीप घट्ट चिकटवावी. मूळ पट्टीइतकी ती सोयीची नाही, परंतु चिरण्याच्या कामाला तिच्याशिवाय बसू नये.

पहिले काप

डोळ्यांवर गॉगल, कानांवर इअरमफ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगठी व घड्याळ काढलेले, ओढणी किंवा उपरणे दूर. हातमोजे घालू नयेत, कारण दात मोज्यात अडकला तर तो बोटांसकट ओढतो. ब्लेडची उंची अशी ठेवावी की दात फळीच्या थोडे वर दिसतील. आता प्लग लावून यंत्र लाकडाविना काही मिनिटे चालवावे. कंप, वास किंवा खरखर असेल तर बंद करून कारण शोधावे.

पहिल्या कापासाठी १८ मिलिमीटर प्लायचा, सरळ कड असलेला, साधारण दोन फुटांचा तुकडा घ्यावा. ब्लेडच्या सरळ रेषेत उभे न राहता थोडे डावीकडे उभे राहावे. फळी फेन्सला टेकवून एकसारख्या गतीने पुढे सारावी, मध्ये थांबू नये, आणि ब्लेड व फेन्स यांच्या मधला तुकडाच शेवटपर्यंत ढकलावा. हात ब्लेडपासून वीतभर अंतराच्या आत जात असेल तर ढकलकाठी वापरावी. फेन्स किंवा माइटर गेज यांपैकी कशाचाही आधार न घेता नुसत्या हातांनी कधीही कापू नये. दोन्हींचा एकदम आधार घेऊनही आरपार कापू नये, कारण सुटलेला तुकडा मध्ये अडकून उडतो.

कापलेल्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना मोजावी. कडेवर काळे जळके डाग दिसले तर फेन्स किंवा ब्लेडची समांतरता पुन्हा तपासावी. ९० अंशांची परीक्षा अशी: सरळ कडांचा जाडसर तुकडा माइटर गेजला टेकवून आडवा कापावा, एक अर्धा पालथा करावा आणि दोन्ही कापलेली तोंडे सपाट टेबलावर जुळवावीत. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी आहे, आणि तेवढेच ब्लेड फिरवायचे आहे. माइटर गेजचा कोनही अशाच उलटसुलट जुळणीने तपासता येतो.

जुन्या वाड्याचे किंवा दरवाज्यांचे सागवान कापायचे असेल तर प्रत्येक फळी आधी खरवडून, लोहचुंबक फिरवून, खिळे काढून घ्यावी. हातघडीचे जुने खिळे आत तुटून राहतात, वरून रंगाने झाकलेले असतात, आणि एक खिळा कार्बाइडचे तीन-चार दात उडवतो.

भुशाच्या बाबतीत आपण फार ढिलाई करतो. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, त्यामुळे यंत्राच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडावा, एन-९५ मास्क लावावा, आणि काम संपल्यावर भुसा झाडूने उडवण्याऐवजी ओढून घ्यावा. ब्लेडवर साचलेला डिंक आणि राळ धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून जुन्या टूथब्रशने निघते. ब्लेड लगेच कोरडे पुसावे.

नवीन बसवलेल्या यंत्राचे बोल्ट पहिल्या काही आठवड्यांत कंपाने थोडे बसतात, म्हणून महिन्याभराने खाच आणि ब्लेड यांचे माप पुन्हा घ्यावे. त्यानंतर वर्षातून एकदा पुरते. खंडेनवमीला हत्यारे स्वच्छ करतोच, त्याच दिवशी प्लग काढून खुणेचा दात पुढे आणि मागे मोजावा, पट्टा व ब्रश पाहावेत, आणि आलेला आकडा तारखेसह टेबलाच्या खालच्या बाजूला लिहून ठेवावा.